चार छत्र्या कमी

छत्रीने मैदान मोजणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, आणि तिनेच पुढे सदुसष्टाव्या वर्षी मुंबईची मॅरेथॉन पळायचं काढलं. दोन्ही वेळेला घोळ मी घातला. तेव्हा ही हकिगत बाईंची असली तरी गुन्हेगार मी आहे, हे आधीच सांगून टाकते. सत्तरी ओलांडली की कबुली द्यायला सोपं जातं. शिक्षा करणारं फारसं कुणी उरत नाही.

बाई आमच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या, मी चित्रकला. शाळा रत्नागिरीपासून पायी तासाभराच्या वाटेवर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी. बाकीचे आम्ही सगळे एसटीने जायचो, बाई चालत. बाराही महिने, हातात काळी पुरुषी छत्री. पावसाळ्यात ती डोक्यावर असायची, एरवी तिची कामं निराळी. फळ्यावर दाखवायला छत्री, कुत्री हाकलायला छत्री, उंचावरची कैरी ओढायला छत्री. ती कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत. एकदा हेडमास्तर भर पावसात अडकले तेव्हा बाईंनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, पण मूठ स्वतःच्याच हातात. हेडमास्तर उंच होते. बिचारे वाकून वाकून चालले.

बाईंना किलोमीटर कळत नव्हता असं नाही, पटत नव्हता. "किलोमीटर सरकारचा, पावलं माझी," असं म्हणायच्या. मासळीबाजार किती लांब असं विचारलंत तर उत्तर यायचं, "नऊशे पावलं. पापलेट हवं असेल तर हजार, भाव करत पुढे जावं लागतं."

मी नोकरीला लागले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि अक्कल आठ वर्षांची होती. माझं माहेर सावर्डे. हायवेवरचं गाव, दारावरून दिवसभर मुंबईच्या गाड्या जायच्या, त्यामुळे मी स्वतःला मुंबईचीच धाकटी बहीण समजायचे. पहिल्याच आठवड्यात एसटी चुकली, आणि पायात उंच टाचेच्या सॅंडली. बाई समोरून निघाल्याच होत्या.

"चल गो माझ्याबरोबर."

"बाई, मला सवय नाही."

"सवय पायांना लागते, तोंडाला नाही. चल."

अर्ध्या वाटेवर डावी टाच मोडली. मी रस्त्यातच बसकण मारली आणि रडायच्या बेतात आले. बाईंनी आपल्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि अनवाणी पुढे निघाल्या. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाल्या, "बसू नको. थांबलं की पाय विचार करायला लागतात."

त्या दिवशी शाळेची घंटा व्हायच्या आधी आम्ही पोचलो. मोडकी सॅंडल मी पिशवीत घालून नेली होती, कारण ती महागाची होती. माझी तेव्हाची किंमत ठरवायला एवढं पुरे.

बाईंची दुसरी खोड म्हणजे नमस्कार. जुना विद्यार्थी वाटेत भेटला आणि पायाशी वाकला की बाई त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "सतरा नवे?" उत्तर बरोबर आल्याशिवाय हात उचलायच्या नाहीत. भर बाजारात चांगले मिशा असलेले पुरुष वाकलेल्या अवस्थेत बोटं मोजताना मी पाहिलेत. एका नवरदेवाला तर मांडवातच अडकवला होता. शेवटी नवरीने उत्तर सांगितलं. बाई म्हणाल्या, "सून चांगली मिळाली."

आता माझा पहिला गुन्हा.

क्रीडामहोत्सव होता आणि मैदान आखायचं काम चित्रकलेच्या बाईंकडे, म्हणजे माझ्याकडे होतं. हाताला वळण आहे म्हणून. पाहुणे यायचे होते, म्हणून मी पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढे मोराची मोठी रांगोळी काढली. पिसाऱ्यात सात रंग. काढून झाल्यावर लक्षात आलं की शंभर मीटरची शेवटची रेघ मोराच्या मानेवरून जाते. पळणारी पोरं पिसारा तुडवणार. मग मी काय केलं? मोर हलवता येत नाही, रेघ हलवता येते. चुन्याची रेघ थोडी अलीकडे ओढली. कुणाला कळणार होतं!

त्या दिवशी दहावीतला एक मुलगा असा सुटला की शाळेचं रेकॉर्ड मोडलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, हेडमास्तरांनी पेढे मागवले, आणि कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर त्याचं नाव रंगवायला मला सांगण्यात आलं. मी ब्रश भिजवते आहे तोवर बाई मैदानात छत्री टाकत चाललेल्या दिसल्या. छत्री आडवी ठेवायची, टोकाशी बोट धरायचं, उचलून पुढे ठेवायची. त्यांची छत्री तीन फुटाला एक बोट कमी होती, ते एक बोटसुद्धा त्या हिशेबात धरायच्या. सगळी शाळा बघत उभी. शेवटी कंबर सरळ करून म्हणाल्या, "चार छत्र्या कमी आहे."

हेडमास्तर म्हणाले, "अहो बाई, जाऊ द्या. पेढे वाटून झाले."

"पेढे गोडच होते. मैदान कमी आहे."

आठवड्याने पोराला पूर्ण शंभर मीटर पळायला लावलं. पहिल्यांदा वेळ लावायला बाई कडेने धावत होत्या, तशाच दुसऱ्यांदाही धावल्या, एका हातात घड्याळ, दुसऱ्यात छत्री आणि निऱ्या. रेकॉर्ड राहून गेलं. अगदी थोडक्यात हुकलं, पण हुकलं. तो पोरगा शाळेच्या मागच्या जांभळीखाली बसून रडला. रेघ कुणी आखली हे बाईंनी कुणालाच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सगळी शाळा म्हणत राहिली, बाईंनी पोराचं रेकॉर्ड घालवलं. मीसुद्धा मान हलवायचे. मोराबद्दल मला पाहुण्यांनी शाबासकी दिली होती ना!

मध्ये बत्तीस वर्षं जाऊ द्या. बाई निवृत्त झाल्या, मीही झाले. मी तेव्हा साठीची होते, म्हणजे तशी लहानच.

आमच्या शाळेत वरच्या वाडीतल्या अकरा मुली यायच्या. त्यांची एसटी बंद झाली. एवढ्या थोड्या माणसांसाठी गाडी परवडत नाही म्हणे. मग पोरी पाखाडीने, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांच्या जुन्या वाटेने, रानातून उतरायला लागल्या. सव्वा तास उतरायचं, संध्याकाळी त्याहून जास्त चढायचं. एका मुलीचा बाप बाईंच्या ओटीवर येऊन बसला.

"बाई, पोर शिकवायची तर हाय. पन संध्याकाळी वाघरू फिरतंय. उद्या पोरीला नेलान तर?"

"मग काय करतोस?"

"हे वरीस काढतो कसंबसं. जूनपासून नाय धाडनार. कुनीच नाय धाडनार."

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "जूनच्या आत गाडी पाहिजे. मुंबईत कसलीशी मोठी शर्यत असते, लोक चांगल्या कामासाठी पळतात आणि ओळखीचे त्या कामाला देणगी देतात. तुझ्या मोबाईलवर बघ आणि माझं नाव घाल."

"बाई, ती एकवीस किलोमीटर असते. ती पण अर्धी!"

"तीस हजार पावलं. तू नाव घाल."

नाव घातलं. देणग्या यायला लागल्या, कुणी शंभर, कुणी पाचशे. ड्रायव्हर आणि डिझेल यांची सोय त्यातून होण्यासारखी होती. प्रश्न होता गाडीचा. त्यासाठी बाई थेट कॅनिंगच्या कारखान्यात गेल्या. मालक म्हणजे आमचा तोच धावपटू. आता पोट सुटलेलं, बोटात दोन अंगठ्या, आमरसाचे डबे पार दुबईला जातात.

तो पायाशी वाकला. सतरा नवे एकशे त्रेपन्न, धडाधड म्हणाला. मग खुर्चीत बसून हसत हसत म्हणाला, "बाई, गाडी देतो. नवी देतो. पण तुम्ही शर्यत ठरलेल्या वेळेत पुरी करायची. साडेतीन तास. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

हसत होता, पण डोळे हसत नव्हते. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे." मी शेजारी चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट चहात पडलं.

सराव सुरू झाला. बाई रोज पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून जायच्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, साडी वर खोचलेली, हातात छत्री. पळणं असं नव्हतंच ते. दोनशे पावलं धावायच्या, तीनशे चालायच्या, मोजत. मी मागून स्कूटीवर, सुरूच्या झाडांच्या कडेकडेने, पाण्याची बाटली घेऊन. कोळणी विचारायच्या, "बाई, कुणाच्या मागे लागल्यात?" बाई म्हणायच्या, "जूनच्या."

शेवटच्या पंधरवड्यात साडेतीन तासांत पाच-दहा मिनिटं उरायला लागली. म्हणजे जमणार होतं. अगदी काठावर, पण जमणार होतं. इथे मी दुसरा घोळ घातला.

मला वाटलं, बाईंना एवढ्या मोठ्या शहरात एकटं वाटेल. आणि खरं सांगायचं तर, मलाही काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांचे कितीतरी विद्यार्थी मुंबईत नोकरीला. मी जुन्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला: बाई पळणार, सगळ्यांनी वाटेवर उभं राहा, बाईंना मात्र सांगू नका. कापडी फलक रंगवून पाठवले. रस्त्याकडेच्या पाच ठिकाणी टोळ्या नेमल्या. शेवटच्या ठिकाणी मी स्वतः, आणि माझ्या टोळीला मी बॅचप्रमाणे रांगेत उभं केलं. रांगा लावायची हौस जात नाही.

छत्रीवरून सुरुवातीलाच अडवलं होतं म्हणे. एक स्वयंसेवक मुलगी म्हणाली, "आजी, छत्री नाही नेता येणार." बाई म्हणाल्या, "मग उन्हात तू येणार का धरायला?" आत सोडलं.

आम्ही वाट बघत होतो. माणसांचा लोंढा येत होता, रंगीत बनियनं, कानात वायरी. आणि त्यात लांबून काळी छत्री दिसली. शर्यतीचा टी-शर्ट साडीवरूनच चढवलेला. मी फलक उंच धरला आणि ओरडले, "बाई आल्या!"

आणि रांगेतला पहिला, चाळिशी उलटलेला माणूस, पळत रस्त्यात गेला आणि बाईंच्या पायाशी वाकला.

त्या क्षणी मला कळलं मी काय करून बसले आहे. शिक्षिकेच्या पायाशी विद्यार्थी वाकला तर ती त्याला ओलांडून जाईल का हो? बाई थांबल्या. डोक्यावर हात गेला.

"सतरा नवे?"

"बाई, एकशे… त्रेचाळीस?"

"परत सांग."

"बाई, तुमचा वेळ जातोय!" मी कडेवरून किंचाळले.

"हा चुकतोय ना अजून," बाई म्हणाल्या, हात तसाच.

आणि त्याच्या मागे माझी शिस्तीत लावलेली रांग, एकामागून एक वाकायला तयार. पळणारे दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते. मी रांगेत शिरून एकेकाला कॉलर धरून मागे ओढलं. तरी चौघे वाकलेच. आधीच्या चार ठिकाणी काय झालं असेल, ते बाईंच्या चालीवरूनच दिसत होतं. चाल तीच होती, चेहरा नव्हता.

बाई शेवटच्या रेघेवर पोचल्या तेव्हा वेळ संपून अकरा मिनिटं झाली होती. उशिरा येणाऱ्यांना बाजूच्या वाटेने बाहेर काढत होते. पदक नाही. बाई फुटपाथवर बसल्या, त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तेवीस नमस्कार. दर नमस्काराला अर्धं मिनिट धर. साडेअकरा. म्हणजे अर्ध्या मिनिटाने जिंकले असते."

मग छत्रीच्या टोकाने माझ्या हातातल्या फलकाकडे दाखवलं. "रंग छान दिलायस."

एवढंच. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं.

स्वतः शर्यत पळालेला एक जुना विद्यार्थी आला, त्याने आपलं पदक काढून पुढे केलं. "बाई, हे घ्या. रत्नागिरीत कुणाला काय कळतंय?"

मीही लगेच, "हो बाई, पोरींसाठी घ्या हो. देवसुद्धा काही म्हणायचा नाही."

"देवाला गणित येत नसेल," बाई म्हणाल्या. "मला येतं."

परत आल्यावर घरी न जाता बाई रिक्षाने कारखान्यात. रिक्षाने! त्यावरून ओळखा पाय कसे झाले असतील. मी मागोमाग. धावपटूसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अकरा मिनिटं उशीर झाला. तू बांधील नाहीस."

का उशीर झाला, ते सांगितलं नाही. मीच ते सांगितलं, भडाभडा. तो ऐकून घेत होता. टेबलावरचा रिकामा डबा फिरवत होता.

"बाई, मी आता हो म्हटलं, तर मग माझ्या वेळेला तुम्ही नाही का म्हणालात? मी पण थोडक्यातच चुकलो होतो." मग डबा खाली ठेवला. "परत पळा. मला लावलं होतंत ना, तसं."

आता बोलायची वेळ माझी होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बत्तीस वर्षं मिटलेलं तोंड, गंजलं होतं.

"पळते," बाई म्हणाल्या. "पण मी तुझ्या कडेने धावले होते. तू माझ्या कडेने चालायचंस. वाट मी ठरवणार. पाखाडी. चढ एक, उतार एक, अशा पाच खेपा, तेवढीच तीस हजार पावलं."

बाईंचे पाय बरे झाले आणि एका सोमवारी आम्ही तिघं शाळेपासून चढायला लागलो. धावपटूने नवे बूट घातले होते आणि मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ. पऱ्यावरच्या साकवापर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापर्यंत, तो बोलत होता. साकवानंतर बोलणं थांबलं. अर्ध्या चढावर वरून पोरी उतरत आल्या, अकराच्या अकरा, पाठीवर दप्तरं, पुढच्या दोघींच्या हातात काठ्या.

"बाई, ह्ये कोन?" एकीने विचारलं.

"परीक्षक," बाई म्हणाल्या.

परीक्षक चिऱ्याच्या पायरीवर बसला होता आणि फुस्स फुस्स श्वास टाकत होता. त्याने विचारलं, "काठ्या कशाला ग?"

"वाजवत येतो. आवाज आयकला का वाघरू बाजूला व्हतंय."

"आणि येताना?"

"येताना बी वाजवतो. पन काळोख पडतो ना, म्हनून गानी पन बोलतो."

पोरी गेल्या. काठ्यांचा आवाज खाली खाली जात राहिला. तो ऐकत बसला. मग म्हणाला, "पुरे, बाई. गाडी देतो."

"अजून साडेचार खेपा आहेत," असं म्हणून बाई चढायला लागल्या.

आम्ही दोघं कसेबसे वाडीत पोचलो आणि त्या मुलीच्या बापाच्या अंगणात बसलो. पुढच्या खेपा बाईंनी एकट्यानेच केल्या. त्या माणसाने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. धावपटूने चार भाकऱ्या खाल्ल्या. मला एक जाईना.

शेवटची खेप संपवून बाई अंगणात शिरल्या तेव्हा दुपार टळत आली होती. घड्याळ बघितलं. "तीन तास उशीर. पुन्हा नापास."

"बाई, गाडी जूनच्या आत दारात उभी राहील," तो म्हणाला. मग, सोळा वर्षांच्या पोरासारखं, "आता तरी ते रेकॉर्ड माझं म्हणा."

बाई पाणी प्यायल्या. तांब्या खाली ठेवला. "गाडी दिलीस म्हणून मैदान लांब होत नाही रे."

त्याचा चेहरा पडला. तो पडलेला बघितला आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"रेघ मी आखली होती. मोर तुडवला जाऊ नये म्हणून अलीकडे घेतली. चार छत्र्या माझ्या मोराने खाल्ल्या."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"मोर?"

"मोर."

"त्याचा एक डोळा तिरळा होता," तो म्हणाला. आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला, ते हसण्याचे पुसत होता की आणखी कसले, मी विचारलं नाही.

मी बाईंकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुझ्या पदराला चुना होता," बाई म्हणाल्या. "म्हटलं, येईल सांगायला. बत्तीस वर्षं उशीर. पदक मिळायचं नाही हं."

मग त्या उठल्या, बसल्या होत्या त्याला दोन मिनिटंही झाली नव्हती. उतरताना तिसऱ्या वळणावर माझे गुडघे कुरकुरायला लागले. बाईंनी मागे वळून बघितलं, आणि छत्री माझ्या हातात दिली.